स्वातंत्र्य या शब्दाचे चित्र

माझी भाची बारा वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे तिला शब्द उच्चारता येत नाहीत, पण ऐकलेले सगळे समजते, आणि समोर ठेवलेल्या तक्त्यावरील चौकोनावर डाव्या हाताची मूठ टेकवून ती आपल्याला काय हवे ते सांगते. हा तक्ता सहा वर्षांपूर्वी मी तयार केला. इमारतींमधल्या पाट्या, दिशादर्शक बाण, मजल्यांचे आकडे आणि स्वच्छतागृहांवरच्या आकृत्या यांची आरेखने करण्यावर माझे पोट चालते. त्यामुळे घरातले हे काम आपोआपच माझ्या वाट्याला आले आणि मी ते मोठ्या हौसेने केले. बत्तीस चौकोन होते: पाणी, भात, शू, दुखते, पंखा, आई, बाबा, आजी, गोष्ट, टीव्ही, झोप वगैरे. प्रत्येक आकृतीची रेघ सारख्याच जाडीची, रंग मोजके, वरून लॅमिनेशन. वर्षभराने ताईने तो तक्ता हातात धरून मला विचारले, "अरे, यात 'नको' कुठे आहे?"

नव्हते. नको म्हणायचे असले की ती डोळे घट्ट मिटते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून त्यासाठी वेगळे चित्र लागेल असे कोणाच्याच मनात आले नाही. बाहेरच्या माणसाला मात्र तिला झोप येत आहे असे वाटे, आणि तो आणखी मोठ्या आवाजात तिच्याशी बोलू लागे. बत्तीस चौकोनांत मी तिची मागण्याची सोय केली होती. नाकारण्याची केली नव्हती. चूक लहान होती आणि एका चौकोनाने ती सुधारलीही, पण त्या निमित्ताने चित्रलिपींविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि एका जुन्या, बऱ्याच लोकांना वेड लावलेल्या प्रश्नापाशी येऊन पोहोचलो. मोकळे होण्याची इच्छा जर सगळ्या माणसांत सारखीच असेल, तर ती सगळ्यांना आपापल्या भाषेत वाचता येईल अशा एखाद्या लिपीत लिहिता येईल का?

सतराव्या शतकात लायब्निट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने सर्व विचारांसाठी एक चिन्हव्यवस्था असावी असे स्वप्न पाहिले होते, आणि १८८७ मध्ये झामेनहॉफने एस्पेरांतो ही सगळ्या जगासाठी घडवलेली भाषा मांडली ती याच ओढीतून. मला मात्र या सगळ्यांत चार्ल्स ब्लिस हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो तत्त्वज्ञही नव्हता आणि भाषाशास्त्रज्ञही नव्हता. तो इंजिनीअर होता, आणि आराखड्यांतली चिन्हे हीच त्याची पहिली लिपी होती.

त्याचे मूळ नाव कार्ल ब्लिट्झ. जन्म १८९७ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील चेर्नोव्हिट्स या गावचा. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. वेगवेगळ्या भाषा बोलणारे अनेक समाज तिथे एकमेकांना खेटून राहत आणि एकमेकांचा द्वेष करीत, आणि या द्वेषाच्या मुळाशी भाषाच आहे अशी त्याची लहानपणापासून समजूत झाली होती. (ही समजूत मला पूर्णपणे पटत नाही, एकच भाषा बोलणारे भाऊबंदही बांधावरून डोकी फोडतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात जाऊन पाहता येते.) वडील कारागीर होते. त्यांच्याकडील विजेच्या जोडण्यांचे आराखडे पाहून त्या मुलाला वाटले की ही भाषा कोणीही न शिकवता कळते आणि तिच्यात गोंधळाला जागा नाही. पुढे व्हिएन्नात शिकून तो रासायनिक इंजिनीअर झाला आणि एका विद्युत कंपनीत पेटंटचे काम पाहू लागला. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू असल्यामुळे त्याला आधी डाखाऊच्या आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबण्यात आले.

या दोन छावण्यांच्या फाटकांपाशी मी बराच काळ थांबलो, कारण माझा धंदा पाट्यांचा आहे. डाखाऊच्या लोखंडी फाटकावर जी अक्षरे होती त्यांचा अर्थ 'कामामुळे माणूस मुक्त होतो' असा होता. बुखेनवाल्डच्या फाटकावर 'ज्याला त्याचे' असे लिहिलेले होते, आणि ती अक्षरे बाहेरून येणाऱ्याला नव्हे तर आत उभ्या असलेल्या कैद्यांना सुलट वाचता येतील अशी बसवलेली होती. त्या दुसऱ्या पाटीची अक्षरे रेखाटण्याचे काम ज्याच्यावर लादले गेले तो फ्रान्झ एर्लिख स्वतः कैदी होता आणि बाउहाउस या कलाशाळेत शिकलेला होता. नाझींनी ज्या शाळेचा दुःस्वास करून ती बंद पाडली होती, तिच्याच वळणाची अक्षरे त्याने काढली. पहारेकऱ्यांना ते कळले नाही. शब्द मालकाचा होता, पण वळण कैद्याचे होते. पाट्या करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट मी सांगू शकत नाही.

डाखाऊच्या पाटीतला 'मुक्त' हा शब्द वाचायला काहीच अडचण नव्हती. प्रत्येक कैद्याला तो वाचता येत होता. वाचता येणे आणि खरे असणे या दोन गोष्टी इतक्या उघडपणे एकमेकींच्या विरुद्ध क्वचितच उभ्या राहिल्या असतील. ब्लिसने पुढे जी लिपी तयार केली तिचा मुख्य हेतू भाषांतर सोपे करणे हा नव्हताच. शब्दांच्या आडून खोटे बोलणे अवघड व्हावे, पुढाऱ्याच्या भाषणातली भूल वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावी, ही त्याची खरी धडपड होती.

क्लेअर ही त्याची पत्नी जर्मन आणि कॅथलिक होती. तिने सतत खटपट केल्यामुळे १९३९ मध्ये त्याची सुटका झाली आणि तो इंग्लंडला गेला. लंडनवर जर्मन बॉम्ब पडू लागले तेव्हा त्या हल्ल्यांनाच लोक 'ब्लिट्झ' म्हणू लागले, म्हणून त्याने आडनाव बदलून ब्लिस केले, म्हणजे आनंद. एक अक्षर इकडचे तिकडे झाले आणि माणसाच्या नावातून युद्ध निघून गेले. लिपीवरचा त्याचा विश्वास कदाचित अशा प्रसंगांनीच पक्का होत गेला असेल. नवराबायको पृथ्वीच्या दोन वेगवेगळ्या वाटांनी निघून १९४० च्या नाताळच्या आदल्या दिवशी शांघायमध्ये एकमेकांना भेटले. तिथेही सुटका नव्हतीच, कारण जपान्यांनी १९४३ मध्ये ज्यू निर्वासितांना शहराच्या होंगक्यू भागात कोंडले. क्लेअरला घटस्फोट घेऊन बाहेर राहता आले असते. ती त्याच्याबरोबर आत राहिली.

शांघायमध्ये ब्लिस चिनी अक्षरे शिकू लागला. दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रांचे मथळे त्याला हळूहळू कळू लागले, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आले की आपण हे चिनी भाषेत वाचतच नाही, आपल्याच भाषेत वाचत आहोत. मराठी माणसाला हा अनुभव फार दूरचा नाही. ५ हा आकडा आपण पाच असा वाचतो, हिंदी माणूस पाँच असा. आकड्याला त्याचे काहीच सोयरसुतक नसते. प्रत्येक शब्द या आकड्यासारखा झाला तर काय होईल, असा विचार त्या कोंडलेल्या माणसाने केला. चिनी अक्षरे फार आणि अवघड, म्हणून आपण थोड्या मूळ आकृत्या घ्याव्यात आणि त्या एकमेकींना जोडून उरलेले सारे लिहावे, असे त्याने ठरवले.

१९४६ मध्ये दोघे सिडनीला गेली. तिथे त्याच्या पदव्यांना किंमत मिळाली नाही. दिवसा कारखान्यात मजुरी करायची आणि रात्री लिपी, असे चालले. १९४९ मध्ये त्याने तीन भागांचा ग्रंथ स्वतःच काढला आणि आपल्या लिपीला 'सिमॅन्टोग्राफी', म्हणजे अर्थलेखन, असे नाव दिले. आता ती ब्लिसिम्बॉलिक्स या नावाने ओळखली जाते.

या लिपीची रचना सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. खाली आडवी रेघ म्हणजे जमीन, वर आडवी रेघ म्हणजे आकाश, नागमोडी रेघ म्हणजे पाणी; पाण्याला खाली जाणारा बाण जोडला की पाऊस. चौकोनावर त्रिकोण म्हणजे घर. हृदयाची आकृती म्हणजे भावना, तिच्याशेजारी वर जाणारा बाण असेल तर आनंद आणि खाली जाणारा असेल तर दुःख. माणसाच्या चिन्हापुढे १ लिहिले की 'मी', २ लिहिले की 'तू'. इथपर्यंत ही हुशार पण साधी गोष्ट आहे, आणि माझ्या धंद्यातला कोणीही आठवडाभर बसून असे काही करू शकेल. खरी प्रतिभा आकृत्यांच्या डोक्यावर येणाऱ्या तीन बारीक खुणांत आहे. डोक्यावर लहान चौकोन असला तर ते चिन्ह वस्तू दाखवते. वर टोक असलेला शंकू असला तर ती क्रिया असते. ज्वालामुखीचा डोंगर हा पृथ्वीवरच्या आदिम क्रियेचा आकार, असे ब्लिसचे स्पष्टीकरण होते. आणि तोच शंकू उलटा, टोकावर उभा केलेला असला, तर ते माणसाने केलेले मूल्यमापन असते, म्हणजे चांगले, वाईट, थोर, नीच असले काहीतरी. टोकावर उभा केलेला शंकू कोणत्याही क्षणी कलंडेल, तसेच आपले मत. ज्या वाक्यात वस्तू कमी आणि डगमगते शंकू जास्त, ते वाक्य बोलणाऱ्यापासून सावध राहावे, हा त्यातला मथितार्थ.

आता या लिपीत 'मला स्वातंत्र्य हवे' हे वाक्य लिहून पाहू. पहिले चिन्ह सोपे आहे, माणूस आणि १. 'हवे असणे' यासाठी ब्लिसने जे चिन्ह केले ते मला त्याच्या सगळ्या लिपीत सर्वांत सुंदर वाटते: हृदय, त्याच्याशेजारी अग्नीची वळणदार रेघ, आणि वर क्रियेचा शंकू. इच्छा म्हणजे भावनेला लागलेली आग. मराठीत आपण आच म्हणतो, तळमळ म्हणतो, त्यामुळे ही आग आपल्याला परकी वाटत नाही. हृदयाबद्दल मात्र माझी किंचित तक्रार आहे. आपली माणसे पोटतिडकीने बोलतात, त्यांच्या पोटात माया असते, आतडे तुटते. मराठी माणसाने ही लिपी केली असती तर ती आग त्याने बहुधा पोटात लावली असती. पण हृदयही आपण ओळखतो, तेव्हा ते चालेल.

तिसऱ्या चिन्हापाशी माझा हात थांबला. मी कागदावर पहिल्यांदा पक्षी काढला, मग तुटलेली साखळी, मग उघडे दार. पक्ष्याला मोकळा समजणे ही आपली हौस आहे. बिचारा दिवसभर दाण्यासाठी फिरतो. साखळीचे चित्र ज्याच्या पायात कधी ती पडली त्यालाच लागू आहे, आणि शिवाय त्यात आधी साखळी काढावीच लागते, मग ती तोडायची. दाराचे तसे नाही, पण माझ्या धंद्यात उघड्या दाराची आकृती 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशा अर्थाने इतक्या वेळा काढून झाली आहे की तिच्यात मला आता फक्त आग लागल्यावर कुठे पळायचे एवढेच दिसते.

मग इतरांनी काय केले ते शोधले. मेसोपोटेमियातील लगश या नगरराज्यात इसवी सनापूर्वी सुमारे २४०० ते २३५० या काळात राजांनी जे लेख कोरून ठेवले त्यांत 'अमागी' हा सुमेरियन शब्द येतो. स्वातंत्र्याची कल्पना लिहून ठेवल्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात दाखल्यांत त्याची गणना होते. कर्जापायी गुलाम झालेल्यांची सुटका असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता, आणि त्या चिन्हांचा शब्दशः अर्थ आहे 'आईकडे परतणे'. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. जात्यावर बसून बायकांनी पिढ्यान्पिढ्या ज्या गोष्टीविषयी गायले, ज्या चार दिवसांच्या मुभेसाठी भावाच्या वाटेकडे डोळे लावले, आणि संतांना पंढरपूरला उपमा द्यायची झाली तेव्हा जी सर्वांत आधी सुचली, ती हीच गोष्ट. चार हजार वर्षांपूर्वीच्या लगशमधली मातीची मुद्रा सासुरवाशिणीला कोणाच्याही मदतीशिवाय कळली असती. ज्याला आई नाही, किंवा जिच्या माहेरचे दार बंद झाले आहे, तिला ती कळली असती का, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतोच.

चिनी लोक स्वातंत्र्यासाठी दोन अक्षरे लिहितात. त्यांतल्या पहिल्याचा अर्थ 'स्वतः', आणि ते अक्षर मुळात नाकाचे चित्र होते, कारण 'मी' म्हणताना माणूस नाकाकडे बोट दाखवतो. दुसऱ्याचा अर्थ 'पासून' किंवा 'कारण'. म्हणजे ज्याचे कारण आपण स्वतःच आहोत ते स्वातंत्र्य. आपल्या शब्दाची घडण अगदी हीच आहे: ज्याचे तंत्र स्वतःचे तो स्वतंत्र, ज्याचे तंत्र दुसऱ्याचे तो परतंत्र. दोन भाषांचा आपसांत काही संबंध नसताना ती घडण इतकी जुळावी याचे आश्चर्य वाटते. पण मग मराठीतल्या बाकीच्या शब्दांचे काय करायचे? सुटका, मोकळीक, मुभा, मुक्ती, स्वराज्य, मोक्ष. मुभा कोणीतरी देते. मोकळीक घरातल्या घरातही असू शकते. सुटका कशापासून तरी होते, आणि स्वराज्यात राजा कोण हे आधी ठरवावे लागते. या सहांना एकच चित्र देणे म्हणजे पाच जणांचे तोंड बंद करणे.

ब्लिसच्या खुणा इथे फारच उपयोगी पडतात, आणि त्यासाठी तरी ही लिपी शिकावी असे मी म्हणेन. स्वातंत्र्याच्या चिन्हावर मी वस्तूचा चौकोन ठेवला तर ते मिळवण्याची, देण्याची, हिरावून घेण्याची गोष्ट होते. आपण 'स्वातंत्र्य मिळाले' असे म्हणतो तेव्हा नकळत हाच चौकोन काढतो. क्रियेचा शंकू ठेवला तर ते रोज करावे लागणारे काम होते, आणि न केल्यास उरत नाही. उलटा शंकू ठेवला तर ते कोणाचे तरी मत होते, आणि कोणाचे, हे विचारता येते. डाखाऊच्या फाटकावरचा 'मुक्त' हा शब्द त्या कैद्यांच्या दृष्टीने वस्तूही नव्हता आणि क्रियाही नव्हती; तो निव्वळ टोकावर उभा केलेला शंकू होता आणि त्याखाली काहीच नव्हते. तीच गोष्ट आपल्या कोणत्याही निवडणुकीच्या फलकावर करून पाहावी. मी पाहिली. हसू आले, मग हसू थांबले.

पण जगाने ब्लिसचे ऐकले नाही. क्लेअरने विद्यापीठांना आणि शिक्षणतज्ज्ञांना सहा हजारांच्या आसपास पत्रे पाठवली, आणि त्यांतून हाती काही लागले नाही. ती १९६१ मध्ये वारली. तो एकटाच लिहीत राहिला.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे अपंग मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन ही शिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांसाठी काहीतरी शोधत होती. मुलांना सेरेब्रल पाल्सी होती. बोलता येत नव्हते, अक्षरे अजून वाचता येत नव्हती, आणि त्यांच्यापुढचे चित्रांचे तक्ते माझ्या तक्त्यासारखेच होते, म्हणजे पेला, ताट, पलंग. तिच्या हाती चिन्हांविषयीचे एक पुस्तक लागले आणि त्यात ब्लिसची लिपी सापडली. चित्राने फक्त समोरची वस्तू दाखवता येते. ब्लिसच्या चिन्हांनी काल, उद्या, राग, भीती, जर, का हे सगळे मुलांना दाखवता येऊ लागले, आणि मुख्य म्हणजे दोन चिन्हे शेजारी ठेवून तक्त्यावर नसलेला शब्द स्वतः घडवता येऊ लागला. ज्यांना मतिमंद समजून बाजूला ठेवले होते ती मुले मुळीच मंद नाहीत, हे त्यांच्या आईबापांना मुलांनीच सांगितले. जगातले पुढारी शहाणे व्हावेत म्हणून केलेली लिपी ज्यांना पाणी मागायलाही दुसऱ्याच्या नजरेची वाट पाहावी लागे त्यांनी उचलली, आणि तिथून ती अनेक देशांत गेली.

ब्लिसला आधी आकाश ठेंगणे झाले. मग भांडण सुरू झाले. शिक्षकांनी गरजेप्रमाणे नवी चिन्हे जोडली, काही बदलली, चिन्हांखाली इंग्रजी शब्द लिहिले, आणि मुले पुढे साधी अक्षरे वाचू लागली तर ते यश आहे असे मानले. ब्लिसच्या दृष्टीने हा सारा भ्रष्टाकार होता. त्याची लिपी ही अक्षरांकडे जाणारी पायरी नव्हती, अक्षरांची जागा घेणारी होती. पत्रे, आरोप, वकील असे होत होत १९८२ मध्ये तडजोड होऊन लिपी वापरण्याचा कायमचा परवाना कॅनडातील संस्थेकडे गेला, आणि १९८५ मध्ये ब्लिस वारला.

या भांडणात मी कोणाच्या बाजूचा, हे मला अनेक दिवस ठरवता आले नाही. आरेखन करणारा म्हणून मला ब्लिसचे दुःख कळते. जाडी, कोन, अंतर सगळे मोजून आकृती करावी आणि कोणीतरी तिच्यावर हाताने मिशा काढाव्यात, हे मी रोज सोसतो. पण दोन छावण्या आणि एक कोंडवाडा भोगून आलेल्या माणसाने, ज्यांचे शरीरच त्यांना कोंडून ठेवते अशा मुलांना, तुम्ही माझ्या लिपीत अमुकच पद्धतीने बोलले पाहिजे असे सांगावे, हे काही केल्या घशाखाली उतरत नाही. याच्या उलट उदाहरण जेराल्ड हॉल्टम या ब्रिटिश आरेखकाचे आहे. अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी १९५८ च्या फेब्रुवारीत त्याने वर्तुळातल्या तीन रेघांचे चिन्ह काढले, आणि त्यावर जाणूनबुजून कोणाचाच मालकी हक्क ठेवला गेला नाही. झेंड्यांनी संदेश देण्याच्या नाविक पद्धतीतली दोन इंग्रजी अक्षरे त्यात एकावर एक ठेवलेली आहेत हे आज बहुतेकांना माहीतही नसते. जगभर लोक ते शांतीचे चिन्ह म्हणून काढतात, वेडेवाकडे काढतात, कानातल्या डुलांवर काढतात, आणि त्याचे काही बिघडत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती आपल्याकडची आहे. विनोबा १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगात होते तेव्हा दक्षिणेकडच्या भाषा शिकता शिकता त्यांनी 'लोकनागरी' ही सुधारलेली लिपी तयार केली. पुढे सगळ्या भारतीय भाषा आपापल्या लिप्यांखेरीज नागरीतही लिहिल्या जाव्यात हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला, आणि त्यात 'नागरीच' नव्हे, 'नागरीही' असे ते बजावत. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी (इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु) पुरस्कारली ती रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण हिंडणेफिरणे बंद झालेला माणूस अक्षरांकडे वळतो असे दिसते. विनोबांचा तो 'ही' ब्लिसला कोणी ऐकवला असता तर किती बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

आमच्या तक्त्याविषयी थोडे सांगायचे राहिले. 'नको'साठी मी आधी फुली काढली होती. फुली तिला आवडली नाही. शाळेच्या वहीतली फुली म्हणजे चुकले, हे तिला माहीत होते, आणि नको म्हणणे चूक नाही. उभारलेला तळहात काढून पाहिला, पण तिचा स्वतःचा तळहात कधी तसा उघडत नाही. शेवटी दोन मिटलेले डोळे काढले. जगातल्या दुसऱ्या कोणालाही त्या चित्राचा अर्थ 'झोप' असाच वाटेल, म्हणून त्याखाली ठळक अक्षरांत 'नको' लिहिले, ब्लिस असता तर रागावला असता. पहिल्या आठवड्यात तिने त्या चौकोनावर इतक्या वेळा मूठ आपटली की ताई रडकुंडीला आली. आवडता शिरा नको, अंघोळ नको, गोष्ट नको, मामा नको. तिला शिरा हवा होता हे उघड दिसत होते. नको म्हणून पाहायचे होते, एवढेच.

आता तिच्याकडे टॅबलेट आहे आणि त्यावर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विद्यालयात तयार झालेले जेलो हे ॲप आहे. त्यातली चित्रे दाबली की मराठीतही आवाज येतो. तरीही चार्जिंग संपले की जुना तक्ता लागतोच, म्हणून या मे महिन्यात मी तो नव्याने केला. चौसष्ट चौकोन, त्यांत हृदय आणि अग्नीचे 'हवे' आहे, 'का' आहे, 'उद्या' आहे, 'खोटे' आहे, आणि खालच्या ओळीतले चार चौकोन कोरे ठेवले आहेत, ते कशाचे असावेत हे तिने ठरवायचे. त्यांतल्या एकासाठी मी तिला स्वातंत्र्याची तीन चित्रे दाखवली. पक्षी दाखवला, तिने डोळे मिटले. साखळी दाखवली, पुन्हा मिटले. दाराचे चित्र तिने जरा वेळ निरखून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि मग डोळे इतके घट्ट मिटले की तिच्या नाकावर सुरकुत्या पडल्या. तो चौकोन अजून कोरा आहे. शेजारच्या चौकोनात तिच्या सांगण्यावरून रिक्षा काढली आहे.